कंपनीचे सर्व्हर डेटा सेंटरला हलवायचेत : पुणे, नवी मुंबई की हैदराबाद?

वाळूजकर

नमस्कार मंडळी. जरा लांबडा प्रश्न आहे, वेळ काढून वाचा.

आमची वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवायची कंपनी आहे, दुसरं युनिट शेंद्र्याला, चाकणला गोडाऊन. ईआरपी (ऑर्डरी, स्टोअर, हिशोब सगळं चालवणारं सॉफ्टवेअर), डिझाईनचा फाईल सर्व्हर, हजेरी, कॅमेरे, सगळं वाळूजला ऑफिसच्या मागच्या एका खोलीत बसवलेलं. दोन स्प्लिट एसी, एक यूपीएस, बाहेर कंपनीचाच डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. मे महिन्यात खोली 31-32 डिग्रीच्या खाली यायचं नाव घेत नाही. आणि आता ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो त्यांच्या ऑडिटवाल्यांनी लेखी विचारलंय की ही खोली जळाली तर आमच्या ऑर्डरीचं काय करणार. मालक तयार झालेत, सर्व्हर आपलेच ठेवायचे पण जागा डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घ्यायची, म्हणजे कोलोकेशन. एका रॅकचं, म्हणजे सर्व्हर बसवायच्या एका कपाटाचं काम आहे. पुण्याची दोन, नवी मुंबईची दोन कोटेशनं आलीत. सगळे म्हणायलेत टिअर थ्री, सगळे म्हणायलेत 99.982 टक्के वेळ चालू, आणि रकमा मात्र एकमेकांच्या दुप्पट. मग बघायचं तरी काय? आणि आपल्या इकडून लांब पडतं त्याचं काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

जालनेवाला

वाचतोय. आमच्याकडं पण हाच विषय निघालाय. रोलिंग मिलच्या बाजूला सर्व्हर रूम आहे, लोखंडाची बारीक धूळ पॉवर सप्लायमध्ये जाऊन बसते. दर पावसाळ्यात एखादा सप्लाय उडतोच.

परभणीकर

जालनेवाले, आमच्याकडं जिनिंगची रुई. सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर गोधडी तयार होती बघा :) ब्लोअर मारल्याशिवाय सोमवार सुरू होत नाही.

रात्रपाळी_ऐरोली

मी मूळचा अंबाजोगाईचा, बरीच वर्षं नवी मुंबईत डेटा सेंटरच्या फॅसिलिटी टीममध्ये शिफ्ट करतोय, म्हणजे डीजी, यूपीएस, चिलर हे माझं काम. कंपनीचं नाव सांगत नाही, कुणाची जाहिरात नको.

वाळूजकर भाऊ, आधी टिअरचं. हे प्रमाणपत्र अपटाइम इन्स्टिट्यूट देते आणि त्यात तीन वेगळे प्रकार आहेत. एक नुसत्या डिझाईनच्या नकाशांचं, एक बांधून उभ्या राहिलेल्या इमारतीचं, आणि एक ती इमारत रोज कशी चालवली जाते त्याचं. बरेच जण पहिलं घेतात आणि थांबतात. तुम्ही मागताना "बांधलेल्या इमारतीचं प्रमाणपत्र दाखवा, ह्याच पत्त्याचं" असंच मागा. दुसरं एक टीआयए-942 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात "रेटेड थ्री" असतं, ते वेगळं. सेल्सवाले दोन्हीला सरसकट टिअर थ्री म्हणतात.

टिअर थ्रीचा खरा अर्थ एवढाच की कुठलंही एक यंत्र दुरुस्तीसाठी ठरवून बंद केलं तरी तुमचा रॅक चालू राहिला पाहिजे. अचानक बिघाड झाला तरी चालू राहिला पाहिजे, हे टिअर फोर. 99.982 टक्के म्हणजे वर्षाला साधारण 1.6 तास बंद, टिअर फोरचे 99.995 म्हणजे 26 मिनिटं. अपटाइमवाल्यांनी स्वतःच ह्या टक्केवाऱ्या स्टँडर्डमधून काढून टाकल्यात, कारण इमारत कशीही असो, ती चालवणारी माणसं कशी आहेत त्यावर सगळं असतं. म्हणून चारही ठिकाणी स्वतः जा. मीटिंग रूममध्ये चहा पिऊन परत यायचं नाही, डीजी रूम दाखवा म्हणायचं. नंतर लिहितो त्याबद्दल, ड्युटीची वेळ झाली.

पुणेरी_क्लाउड

एका रॅकसाठी एवढा खटाटोप कशाला? अॅमेझॉनचं क्लाउड मुंबईत 2016 पासून आहे, हैदराबादेत 2022 पासून. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे. हार्डवेअर विकून टाका आणि मोकळे व्हा.

वाळूजकर

सर, तो हिशोब मांडला होता. सर्व्हर आणि स्टोरेज अजून नवीन आहेत, वॉरंटी शिल्लक आहे. आमचा लोड दिवसरात्र, बारा महिने एकसारखा आहे. कमीजास्त होणारा लोड असता तर क्लाउडचा फायदा दिसला असता, आमच्या आकड्यात दिसला नाही. डेटाबेसचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येवर घेतलेलं आहे, ते तिकडं नेलं की परत मोजामोजी. बॅकअपची एक प्रत मात्र क्लाउडवर टाकायचा विचार आहे.

पुणेरी_क्लाउड

मग ठीक आहे. एकसारखा लोड आणि घेतलेलं हार्डवेअर असेल तर तुमचं बरोबर आहे. पुढचं हार्डवेअर घ्यायची वेळ येईल तेव्हा मात्र परत मांडा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतल्यापासून लायसन्सचं गणित पार बदललंय, ते धरून मांडा.

केव्हीए_काका

वाळूजकर, रकमा दुप्पट दिसायलेत त्याचं कारण जवळपास नक्की वीज आहे. कोटेशनं काढा आणि ओळ न् ओळ वाचा. एकानं केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लिहिलं असेल, दुसऱ्यानं किलोवॅट (प्रत्यक्ष खाल्लेली वीज). एकानं वीज भाड्यात धरली असेल, दुसऱ्यानं "प्रत्यक्ष वापरानुसार" लिहून खाली बारीक अक्षरात गुणक टाकला असेल.

हिशोब असा करा. 1 किलोवॅटचं मशीन महिनाभर चालू म्हणजे 24 गुणिले 30, 720 युनिट. तुमचा रॅक 3 किलोवॅट खात असेल तर 2160 युनिट. पण तुम्ही फक्त सर्व्हरची वीज भरत नाही, तो गार ठेवायची पण भरता. त्याला पीयूई म्हणतात, म्हणजे सगळ्या इमारतीची वीज भागिले सर्व्हरला गेलेली वीज. पीयूई 1.5 धरला तर तुमचं बिल 3240 युनिटचं. हा गुणक करारात कायमचा ठरलाय का दर महिन्याला मोजून लावणार, आणि महावितरणचा दर वाढला की लगेच तुमच्यावर येणार का, हे लेखी घ्या. वर 18 टक्के जीएसटी सगळ्याच कोटेशनवर आहे का तेही बघा.

आणि सर्व्हरच्या मागं लिहिलेल्या वॅटवर जाऊन वीज मागू नका. 800 वॅटचा सप्लाय म्हणजे सर्व्हर 800 खातो असं नाही, निम्म्याच्या आसपास खातो बहुतेक वेळा. तुमच्या यूपीएसच्या आउटपुटला क्लॅम्प मीटर लावा, महिनाअखेरीला ईआरपीवर गर्दी असते त्या दिवशी लावा, आणि तो आकडा घेऊन बोलायला बसा.

जालनेवाला

काका, ए फीड बी फीड म्हणून दोन दोन लाईन देतात त्याचं जरा सांगा ना. आमच्या मॅनेजरला वाटायलंय की दोन लाईन म्हणजे दुप्पट वीज.

केव्हीए_काका

तुमच्या मॅनेजरला इथंच आणून बसवा :)

32 अँपिअरची एक लाईन 230 व्होल्टवर 7.36 केव्हीए देते. कायम चालणारा लोड 80 टक्क्यांपर्यंतच ठेवायचा, म्हणजे 5.9 च्या आसपास. आता रॅकला अशा दोन लाईन आल्या, ए आणि बी, दोन वेगळ्या यूपीएसवरून. प्रत्येक सर्व्हरला दोन सप्लाय, एक ए वर एक बी वर, आणि लोड दोन्हीकडं अर्धा अर्धा. ए गेली तर सगळा लोड बी वर येतो. म्हणून दोन्हीची बेरीज 5.9 च्या आत पाहिजे. दोन्ही लाईनच्या प्लगच्या पट्ट्या साठ साठ टक्के भरल्या असतील आणि एक गेली, तर दुसरीवर 120 टक्के पडले. ब्रेकर खाली, रॅक अंधारात, आणि सेंटरवाले म्हणणार आमची बी लाईन चालूच होती. त्यांचं म्हणणं करारानुसार बरोबर पण असतं.

एकच सप्लाय असलेलं काही असेल, जुना स्विच वगैरे, तर त्यासाठी एक लाईन गेली की दुसरीवर टाकणारा ट्रान्सफर स्विच लागतो, तोही कोटेशनमध्ये विचारा.

जालनेवाला

प्रिंट काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. धन्यवाद काका.

गोदाकाठ_नांदेड

तुम्ही सगळे पुणे मुंबई पुणे मुंबई करायलेत, हैदराबादचं कुणी बोलंना. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या दुप्पट. लातूर, उदगीर, देगलूर, आमचा सगळा व्यवहार तिकडं. दवाखाना असो का लग्नाचा बस्ता असो, आम्ही हैदराबादच गाठतो. तिथं मोठी सेंटरं आहेत, टिअर फोर पण आहेत. दख्खनचं पठार, समुद्र नाही, भूकंपाच्या 2002 च्या नकाशात झोन दोन, म्हणजे कमी धोक्याचा. मुंबई पुणे दोन्ही झोन तीन. आमचं हैदराबादला आहे आणि आम्ही समाधानी आहोत.

बीड_बायपास

नांदेडकरांसाठी बरोबर आहे हो, पण वाळूजवाल्याला हैदराबाद कशाला? रात्री दोनला स्टोरेजचा कंट्रोलर गेला तर पुण्याला गाडी काढून पहाटे पोहोचता येतं, वाघोलीत ट्रॅफिक लागायच्या आत. समृद्धी 5 जून 2025 ला पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाल्यापासून नवी मुंबई पण पहिल्यासारखी लांब राहिली नाही. इंजिनिअर पोहोचला पाहिजे, हे पहिलं. बाकी झोन बिन नंतर.

मांजराकाठ

झोन नंतर म्हणू नका भाऊ. मी लातूर जिल्ह्यातला. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले, किल्लारीला काय झालं ते आमच्या घरानं बघितलंय. त्याच्या आधी तो सगळा भाग नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, झोन एक. नंतर 2002 ला नकाशा बदलला, झोन एकच काढून टाकला आणि लातूर तीनमध्ये गेलं. नकाशात झोन दोन लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका आणि झोन तीन आहे म्हणून घाबरू पण नका. इमारतीचं स्ट्रक्चरल डिझाईन कुठल्या झोनसाठी केलंय आणि रॅक खाली स्लॅबला बोल्ट केलेत का, हे विचारा. उचललेल्या फरशीवर मोकळा ठेवलेला आठशे ते हजार किलोचा रॅक हलला तर काय होईल ह्याचा विचार करा.

गोदाकाठ_नांदेड

मांजराकाठ दादा, मान्य. झोनच्या आकड्यावर मी जरा जास्तच भर दिला.

रात्रपाळी_ऐरोली

झोनबरोबर पाणी पण बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडं नवीन माणूस आला की त्याला पहिलं हेच दाखवतात की डीजी आणि डिझेलचे पंप कुठल्या उंचीवर आहेत. ज्याचे इलेक्ट्रिकल पॅनल तळघरात, तिथं जाऊ नका.

आणि दोन शहरांचं म्हणाल तर 12 ऑक्टोबर 2020 आठवा. सकाळी ग्रिड बसलं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात अंधारात. सेंटरं डीजीवर चालली, आतल्या सर्व्हरला कळलं पण नाही. पण त्याच आठवड्यात, 13-14 तारखेला, हैदराबादेत ढगफुटीसारखा पाऊस होऊन निम्मं शहर पाण्यात होतं. त्यामुळं हे शहर सुरक्षित आणि ते नाही असं काही नसतं. मेन एका शहरात आणि बॅकअप दुसऱ्या शहरात, ह्यातच सुरक्षा आहे.

नेटवर्क_ताई

धागा छान चाललाय पण अजून कुणी इंटरनेटच्या लाईनबद्दल बोललं नाही, आणि मराठवाड्यातल्या कंपनीसाठी माझ्या मते तोच सगळ्यात नाजूक भाग आहे. पुण्यातलं सेंटर वर्षात दीड तास बंद पडेल किंवा नाही पडणार. वाळूजपासून पुण्यापर्यंतची फायबर मात्र रस्त्याचं काम निघालं की जेसीबीखाली येणारच. मी ह्याच कामात आहे, संभाजीनगर, जालना, बीड ह्या पट्ट्यात.

दोन कंपन्यांच्या दोन लाईन घेतल्या की आपण सुरक्षित, असं सगळे समजतात. पण कंपनीच्या गेटपाशी दोन्ही केबल एकाच खांबावरून आत येतात, किंवा दुसरा प्रोव्हायडर पहिल्याचीच फायबर भाड्यानं घेतो. खणताना दोन्ही एकदम तुटतात. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी दोघांकडून रूटचा नकाशा केएमझेड फाईलमध्ये (गूगल अर्थवर उघडते ती) मागा आणि एकावर एक ठेवून बघा. एक लाईन नगरकडून, दुसरी वेगळ्या बाजूनं, आणि गेटमध्ये एक पुढून एक मागून. तिसरी म्हणून फाईव्ह जीचा राउटर, निदान ईआरपी चालण्यापुरता.

सेंटर कॅरिअर न्यूट्रल आहे का, म्हणजे तुम्हाला पाहिजे तो प्रोव्हायडर आत आणता येतो का, हे विचारा. काही ठिकाणी तिथलंच इंटरनेट घ्यावं लागतं. आणि क्रॉस कनेक्ट, म्हणजे प्रोव्हायडरच्या पॅनलपासून तुमच्या रॅकपर्यंत जाणारी ती पिवळी फायबर, तिचं दर महिन्याला भाडं लागतं. दोन प्रोव्हायडर म्हणजे दोन क्रॉस कनेक्ट. हे कोटेशनमध्ये बऱ्याचदा नसतं.

आता अंतराचं. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद लागतात. संभाजीनगर पुणे साधारण 235 किलोमीटर, जाऊन येऊन अडीच मिलिसेकंदसुद्धा नाही. पण फायबर सरळ जात नाही, आणि काही प्रोव्हायडर पुण्याचं पॅकेट मुंबईला फिरवून आणतात, म्हणून हातात 8-10 मिलिसेकंद येतात. वेब ईआरपीला काही फरक पडत नाही. पण तुमचं ईआरपी जुन्या पद्धतीचं असेल, प्रत्येक पीसीवर सॉफ्टवेअर आणि ते थेट डेटाबेसशी बोलणारं, तर एक स्क्रीन उघडायला ते 200 वेळा जाऊन येतं. आज ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर, लॅनवर, ते कळत नाही. उद्या 10 मिलिसेकंदनं 200 वेळा म्हणजे प्रत्येक स्क्रीनला 2 सेकंद. डिस्पॅचवाली माणसं दुसऱ्याच दिवशी तुमच्या टेबलापाशी येतील. तसं असेल तर अॅप्लिकेशन पण रॅकमध्येच रिमोट डेस्कटॉपवर ठेवा, पीसीवर फक्त चित्र येऊ द्या.

साखरपट्टा_धाराशिव

ताईंना +1. आणि माझी एक विनंती, सगळंच उचलून नेऊ नका.

मी साखर कारखान्यात आहे. गाळप हंगामात वजनकाटा रात्रंदिवस चालतो. काटा बंद म्हणजे बाहेर ट्रॅक्टर, बैलगाड्यांची रांग, ऊस वाळायला लागला, शेतकरी गेटवर, आणि त्यांचं बरोबरच असतं. आमच्याकडं ईआरपी पुण्याला गेलं पण काट्याचा सर्व्हर काट्याच्या केबिनमध्येच आहे. लाईन असो नसो, पावती निघते. लाईन आली की आकडे आपोआप वर जातात. तुमच्याकडं पण मशीनवरचा डेटा, बारकोडची लेबलं, गेटपास, कॅमेरे, हजेरी, हे वाळूजलाच राहू द्या. एक तास पुणे दिसलं नाही तरी ट्रक गेटबाहेर पडला पाहिजे, हे बघून काय न्यायचं ते ठरवा.

वाळूजकर

साखरपट्टा साहेब, हे लाखमोलाचं बोललात. लेबल प्रिंटिंग ईआरपीमधूनच होतं आमचं. ते आधी वेगळं करावं लागेल. ताई, ईआरपी जुन्या पद्धतीचंच आहे, प्रत्येक पीसीवर. आणि डिझाईनच्या फायली एक एक जीबीच्या आहेत, त्याचं?

नेटवर्क_ताई

1 जीबी म्हणजे 8000 मेगाबिट, 100 एमबीपीएसच्या लाईनवर 80 सेकंद, तेही दुसरं कुणी वापरत नसेल तर. डिझाईनचा फाईल सर्व्हर वाळूजलाच ठेवा, रात्री पुण्याला कॉपी जाऊ द्या.

घरचं_बरं

मी उलटं बोलतो, राग मानू नका. ईआरपी एकटं जाणार, बाकी सगळं वाळूजलाच राहणार, तर वाळूजची खोलीच नीट करा की! चांगला प्रिसिजन एसी, दुसरा यूपीएस, आग विझवायची गॅस सिस्टिम. एकदाच खर्च. दर महिन्याचं भाडं नाही, लाईनची कटकट नाही, इंजिनिअर दहा पावलांवर. आपल्या गावातली कामं सगळी पुण्याला पाठवायची सवय लागलीय आपल्याला.

केव्हीए_काका

शेवटचं वाक्य मनाला लागलं, खरंय ते. संभाजीनगरला, ऑरिक ह्या नव्या औद्योगिक शहरात एवढे उद्योग यायलेत, उद्या चांगलं कोलोकेशन इथंच उभं राहिलं तर मी पहिला आनंदानं सांगेन की इथंच ठेवा. पण कंपनीच्या आतल्या खोलीचं तसं नाही. प्रिसिजन एसी एक घेऊन भागत नाही, दोन लागतात, नाहीतर सर्व्हिसिंगला बंद केला की खोली तापली. त्याचा कॉम्प्रेसर गेला तर माणूस पुण्याहूनच येतो. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलायच्या, डीजी दर महिन्याला लोडवर चालवून बघायचा. हे करायला माणूस कोण? मेंटेनन्सचा माणूस प्रेस शॉपचा ब्रेकडाऊन सोडून तुमच्या बॅटऱ्या तपासायला येणार नाही.

आणि खोलीच्या तापमानाचं राहिलंच. अॅशरे ह्या एसी-कूलिंगच्या इंजिनिअरांच्या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 डिग्री अशी आहे. 31-32 ला सर्व्हर बंद पडत नाही, पण पंखे पूर्ण वेगानं फिरतात आणि वीज जास्त जाते.

घरचं_बरं

माणूस कोण, ह्याला उत्तर नाही माझ्याकडं. बरं, मग निदान वाळूजच्या खोलीवर पण थोडा खर्च करा, ती आता शाखा होणार आहे.

सीए_मॅडम_जालना

कागदपत्रांचं थोडं सांगते. कंपन्यांच्या हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, हा नियम ऑगस्ट 2022 पासून आहे, आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कधी काय बदललं त्याची नोंद, 1 एप्रिल 2023 पासून. पुणे, मुंबई, हैदराबाद कुठंही ठेवलं तरी पहिला भाग सुटतो, पण "रोज" हा शब्द तुमच्या बॅकअपच्या शेड्यूलमध्ये दिसला पाहिजे. सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे आणि सायबर घटना 6 तासांत कळवायची. ही जबाबदारी तुमची, डेटा सेंटरची नाही. ते जागा, वीज, गारवा देतात. तुमच्या फायरवॉलमध्ये कोण शिरलं ते त्यांना दिसत पण नाही. कर्मचाऱ्यांच्या माहितीचं तसंच, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात उत्तर कंपनीलाच द्यायचंय.

सेंटरवाले माहिती सुरक्षेचं आयएसओ 27001 चं प्रमाणपत्र देतील. त्यात स्कोपमध्ये कुठला पत्ता लिहिलाय तो वाचा. हेड ऑफिसचं प्रमाणपत्र दाखवतात कधीकधी. तुमच्या ग्राहकाचा ऑडिटर तेच पहिलं बघणार.

हिमायतबाग

करारात एक कलम सगळ्यांनी वाचा. आमचा एका सेंटरशी बिलावरून वाद झाला, विजेचा गुणक त्यांनी मधेच वाढवला होता. आम्ही म्हणलं आम्ही जातो. तेव्हा कळलं की पैसे पूर्ण चुकते होईपर्यंत मशीन बाहेर काढू द्यायचं नाही, असं करारात आहे. वादातली रक्कम थोडीशी, अडकले सगळे सर्व्हर. वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकीचं बिल भरलं तर मशीन सोडलं पाहिजे, असं आधीच लिहून घ्या. किमान मुदत किती, मधे सोडलं तर किती भरायचं, दरवर्षी किती टक्के वाढ, हे पण. आणि एसएलए, म्हणजे सेवा चालू ठेवायची लेखी हमी, मोडलं तर भरपाई म्हणून महिन्याच्या भाड्यातले काही टक्के सोडतात, तुमची प्रॉडक्शन लाईन बंद राहून झालेलं नुकसान कुणी देत नाही. सर्व्हरचा विमा आपला आपण काढायचा.

रात्रपाळी_ऐरोली

आता भेटीचं लिहितो, म्हणल्याप्रमाणे.

डीजी रूममध्ये जा. प्रत्येक डीजीच्या पॅनलवर किती तास चालला त्याचं मीटर असतं, आणि बाजूला लॉगबुक. शेवटची टेस्ट कधी, रिकामी चालवली का लोड टाकून, हे त्यात दिसतं. नुसती चालू करून बंद केलेली डीजी खऱ्या वेळेला दगा देऊ शकते. टाकीत डिझेल किती तास पुरेल आणि रस्ते बंद असताना टँकर कुठून येणार, हे शिफ्टच्या माणसाला विचारा, सेल्सच्या नाही. त्याला पटकन उत्तर देता आलं तर समजा जागा जिवंत आहे.

बॅटरी रूममध्ये बॅटरीवरची तारीख वाचा. लिथियम असेल तर ती सर्व्हर हॉलपासून वेगळ्या, आग अडवणाऱ्या भिंतीमागं आहे का बघा. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचं 858 टेराबाइटचं स्टोरेज जळालं. त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. स्ट्रासबर्गला 10 मार्च 2021 ला ओव्हीएच ह्या क्लाउड कंपनीची अख्खी इमारत जळाली, आणि काही ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते. आपण त्या यादीत जायचं नाही.

हॉलमध्ये गेल्यावर रॅकच्या मागच्या बाजूला उभं राहा. रिकाम्या जागांवर झाकणपट्ट्या लावल्यात का बघा. नसतील तर गरम हवा पुढं येतेय, आणि तुमच्या शेजारच्या रॅकचा गलथानपणा तुमच्या सर्व्हरला भोवणार. वर छतातून पाण्याची लाईन जातेय का बघा. गॅस सोडून आग विझवायच्या सिस्टिमची टेस्ट घेणार असतील तर आधी कळवा म्हणावं. 2016 ला बुखारेस्टला एका बँकेच्या सेंटरमध्ये नुसत्या टेस्टच्या आवाजानं हार्डडिस्क खराब झाल्या होत्या.

रिमोट हँड्सचं पण विचारा. रात्री दोनला फोन केला तर सर्व्हर रिस्टार्ट करायला, डिस्क बदलायला माणूस किती वेळात जागेवर जाईल आणि तासाचे किती घेतील. हा माणूस चांगला असेल तर बीड_बायपास भाऊंना पहाटे वाघोली ओलांडायची गरज पडणार नाही.

बीड_बायपास

मग तर पैठणला जाऊन नारळ फोडतो :)

परभणीकर

हलवायचं कसं ते पण कुणीतरी सांगा. आमच्या रस्त्यांवरून सर्व्हर न्यायचे म्हणजे काळजीच आहे.

हिमायतबाग

डिस्क काढायच्या, प्रत्येकीवर सर्व्हर आणि स्लॉटचा नंबर लिहायचा, फोमच्या पेटीत घालून आपल्या कारमध्ये. बाकी मशीन मूळ खोक्यात, एअर सस्पेन्शनच्या गाडीत. विक्री नाही म्हणून इनव्हॉइस लागत नाही पण डिलिव्हरी चलन पाहिजे, आणि महाराष्ट्राच्या आत 1 लाखाच्या वर किंमत गेली की ई-वे बिल. त्यात सिरियल नंबरची यादी जोडा, तीच यादी सेंटरच्या गेटवर आवक म्हणून शिक्का मारून घ्या. उद्या मशीन बाहेर काढायचं झालं की तो शिक्का कामाला येतो. निघायच्या आधी बॅकअप घेऊन तो खरंच रिस्टोअर होतो का बघा, दुसऱ्या मशीनवर.

वाळूजकर

मंडळी, चारही ठिकाणं बघून आलो. काय ठरलं ते सांगतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे क्लॅम्प मीटर लावला. प्लेटवरचे वॅट बेरीज केले तर 7 किलोवॅट व्हायचे, महिनाअखेरीला मोजले तर 2.8 भरले. त्यातून डिझाईन, कॅमेरे आणि हजेरी वगळली तर 2 च्या आत. मग चारही कोटेशनं एकाच पायावर आणली, तेवढेच किलोवॅट, वीज गुणकासहित, दोन क्रॉस कनेक्ट, जीएसटी, तीन वर्षांची वाढ. जे सगळ्यात स्वस्त दिसत होतं ते तिसऱ्या नंबरवर गेलं.

एका ठिकाणी डीजी रूम दाखवायला नाही म्हणाले, ते यादीतून काढलं. एका ठिकाणी शिफ्टमधल्या मुलानं लॉगबुक उघडून महिन्याच्या महिन्याला लोड टेस्टच्या सह्या दाखवल्या, डिझेलचे तास तोंडपाठ, टँकरवाला कोण तेही. ते पुण्यातलं आहे. तिथंच घेतोय. ईआरपी, मेल आणि रिमोट डेस्कटॉप पुण्याला. लेबल प्रिंटिंग, गेटपास, कॅमेरे, डिझाईन वाळूजला, आणि खोलीला दोन नवीन एसी मंजूर करून घेतले. बॅकअपची दुसरी प्रत हैदराबादला, गोदाकाठ साहेब, तुमचं ऐकलं. ताई, दोन्ही प्रोव्हायडरचे नकाशे एकावर एक ठेवले तर पंढरपूरच्या चौकात दोन्ही एकाच नाल्यातून जायलेत, त्यातला एक बदलायलोय.

मशीन सोडायचं कलम मान्य करून घेतलं, थोडं ताणावं लागलं.

गोदाकाठ_नांदेड

लई भारी! बाकीच्यांसाठी सांगतो, तो पंढरपूर वाळूजजवळचा आहे, विठोबाचा नाही :)

नेटवर्क_ताई

मस्त. दोन्ही लाईन चालू झाल्या की दिवसाढवळ्या, सगळे हजर असताना, एक केबल मुद्दाम काढा आणि ईआरपी चालू राहतं का बघा. मग दुसरी काढा.

वाळूजकर

नक्की. एक शेवटचं, आमचा रॅक 600 बाय 1000 मिलिमीटरचा होता, सर्व्हरच्या रेल त्यात बसलेल्या. तिथला 1200 खोल आहे. काही अडचण?

केव्हीए_काका

रेल बहुतेक सरकून बसतील, तरी पुढच्या मागच्या खांबांमधलं अंतर मोजून घे आणि रेलच्या मापाशी ताडून बघ. पॉवरच्या वायरी मात्र नवीन लागतील. तिथल्या पट्टीला सी13 ची तोंडं आहेत का सी19 ची (सॉकेटचे दोन प्रकार), ते आजच विचार, वाळूजच्या तीन पिनच्या वायरी तिथं कुठंच लागणार नाहीत. मागवताना दोन रंगांत मागव, ए ची लाल आणि बी ची निळी. एकाच सर्व्हरला दोन लाल दिसल्या की लांबूनच कळतं.